पुरावा कायद्याच्या वर्गात न शिकवले जाणारे सूत्र: विधी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विधी अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि त्यानंतर आपला, म्हणजे शिकवणाऱ्यांचा, बराच वेळ कलमांचे जुने-नवे क्रमांक जुळवण्यात गेला. १८७२ च्या पुरावा कायद्याचे शाबितीच्या जबाबदारीविषयीचे कलम १०१ नव्या साक्ष्य अधिनियमात कलम १०४ झाले, पोलिसांपुढील कबुलीजबाबाविषयीचे कलम २५ आता कलम २३ मध्ये आले आणि विद्यार्थ्यांनी वहीच्या समासात जुने आकडे खोडून नवे लिहिले. अभ्यासक्रमाचा मसुदा पुन्हा हातात घेतलाच आहे, तर त्यात एका गोष्टीची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी अनेक वर्षे पुरावा कायदा शिकवते आणि या विनंतीमागे माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगते.

एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना ‘निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा उगम व विकास’ या प्रश्नाचे एक उत्तर माझ्यापुढे आले. नेहमीप्रमाणे त्यात ‘हे तत्त्व इंग्रजी कायद्याची देणगी आहे’ असे वाक्य होते आणि १९३५ चा वूलमिंग्टन खटला होता. मात्र त्या वाक्याखाली त्या विद्यार्थ्याने एक ओळ लिहून ती दोन आडव्या रेघांनी खोडली होती. रेघांखालची अक्षरे स्पष्ट वाचता येत होती: ‘हेच तत्त्व फिक्हमध्ये बराअत या नावाने आहे.’ (फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्र.) आदर्श उत्तरात नसलेले लिहिले तर गुण जातील, या भीतीने त्याने ते खोडले असणार, आणि त्याची भीती अनाठायी नव्हती, कारण मी गुण दिले ते ‘इंग्रजी देणगी’च्या वाक्याला. ती खोडलेली ओळ बरोबर होती, आणि ते ठामपणे म्हणता येण्याइतका माझा अभ्यास तेव्हा झालेला नव्हता.

आपल्याकडे ‘मुस्लिम कायदा’ हा शब्द कौटुंबिक कायद्याच्या पेपरात भेटतो आणि तिथेच संपतो. निकाह, मेहर, तलाक, वारसा, हिबा, वक्फ एवढ्या प्रकरणांपलीकडे या परंपरेत फौजदारी न्याय, पुरावा, साक्षीदारांची पारख आणि आरोपीचे हक्क यांचाही विचार बाराशे वर्षे झाला आहे, याची कल्पना विद्यार्थ्याला बहुधा येतच नाही. परिणामी त्याच्या मनात दोनच चित्रे उरतात. एका बाजूला आरोपीला निर्दोष मानणारा आधुनिक कायदा, दुसऱ्या बाजूला हात तोडणारा इस्लामी कायदा. पदवी घेऊन बाहेर पडणारा वकील, आणि उद्याचा न्यायाधीश, हे चित्र सोबत घेऊन जातो.

खरे तर आपल्या न्यायालयांच्या मराठीनेच आपल्याला सावध करायला हवे होते. गुन्हा, फिर्याद, वकील, जामीन, कैद, मुद्देमाल, कबुलीजबाब, शाबीत हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले आणि सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात आजही दिवसभर कानांवर पडतात. इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला ‘महजर’ हादेखील मूळ काझीच्या दरबारातील कामकाजाच्या नोंदीचा शब्द. पोलीस ठाण्याची ‘हद्द’ आणि इस्लामी कायद्यातील ठरावीक शिक्षांना म्हणतात ती ‘हद्द’, जिचे अनेकवचन ‘हुदूद’, हा एकच शब्द आहे. आणि ज्या सूत्राबद्दल मी लिहिते आहे ते सूत्र असे आहे: ‘अल-अस्लु बराअतुझ्-झिम्मा’. यातला ‘अस्ल’ आपल्या ‘अस्सल’मध्ये आहे, ‘झिम्मा’ म्हणजे आपला ‘जिम्मा’, आणि ‘बराअत’ ज्या धातूपासून झाली त्यातूनच आरोपी ‘बरी’ होण्यातला, म्हणजे निर्दोष सुटण्यातला, ‘बरी’ आला. माणसाची अस्सल, म्हणजे मूळ, स्थिती ही जिम्म्यातून मोकळी असण्याची आहे. त्याच्यावर काही लादायचे असेल तर ते लादणाऱ्याने शाबीत करावे. सूत्राचे तिन्ही शब्द आपल्या जिभेवर आहेत. सूत्र मात्र आपल्या पुस्तकात नाही.

हे सूत्र सुटे नाही. पैगंबरांचे एक वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन संकलकांच्या हदीस-संग्रहांत, म्हणजे पैगंबरांविषयीच्या कथनांच्या संग्रहांत, इब्न अब्बास यांच्याकडून आलेले आहे. त्याचा आशय असा, की लोकांना केवळ त्यांच्या दाव्यावर देऊ लागलो तर ते इतरांच्या रक्तावर आणि मालमत्तेवर हक्क सांगू लागतील. म्हणून शपथ प्रतिवादीची. याच वचनाच्या दुसऱ्या पाठात ‘पुरावा दावा सांगणाऱ्याने द्यावा’ हा भाग जोडून येतो आणि फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, तोच नियम म्हणून वापरला. ऑटोमन साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्या कलम ४ मध्ये शंकेने निश्चिती नष्ट होत नाही, कलम ८ मध्ये जिम्म्यातून मुक्तता हेच मूळ आणि कलम ७६ मध्ये पुरावा सांगणाऱ्याचा व शपथ नाकारणाऱ्याची, अशी ही जुनी सूत्रे थेट कायद्याची कलमे म्हणून आली. आपला पुरावा कायदा त्याच काळातला, १८७२ चा. त्याचे कलम १०१ आणि मजल्लाचे कलम ७६ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर विद्यार्थ्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

फौजदारी बाजूला हे तत्त्व आणखी कडक होते. शंका असेल तर हद्दची शिक्षा टाळा, हा नियम सर्व प्रमुख सुन्नी पंथांच्या ग्रंथांत आहे. तिर्मिझींच्या संग्रहात हजरत आयेशांच्या नावे आलेल्या कथनात त्याचे कारणही दिले आहे: शिक्षा देण्यात चूक होण्यापेक्षा माफ करण्यात चूक झालेली इमामासाठी, म्हणजे राज्यकर्त्यासाठी, बरी. या कथनाच्या परंपरेत हदीसच्या अभ्यासकांनी उणिवा दाखवल्या आहेत, हेही वर्गात सांगितले पाहिजे. फकीहांनी मात्र त्यातला नियम पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला. एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा अपराधी सुटलेले बरे, हे ब्लॅकस्टोनचे अठराव्या शतकातले विधान आपण पाठ करून घेतो. त्याच्या कितीतरी शतके आधीचे हे वाक्य विद्यार्थ्याच्या कानावरून एकदाही जात नाही.

या सगळ्यात माझे मन सर्वांत जास्त गुंतले ते एका पत्रवजा ग्रंथात. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादचे मुख्य काझी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून अल-रशीद यांच्यासाठी महसुलावर ‘किताब अल-खराज’ लिहिला. अबू यूसुफ हे अबू हनीफांचे शिष्य, आणि भारतीय उपखंडात जो पंथ सर्वाधिक रुजला त्या हनफी पंथाचे एक आधारस्तंभ. ग्रंथ करवसुलीचा, पण मध्येच तुरुंग, चोर आणि आरोपी यांचा विषय निघतो आणि काझी आपल्या मालकाला स्पष्ट शब्दांत सुनावतात. एका माणसाने दुसऱ्यावर नुसता आळ घेतला म्हणून त्या दुसऱ्याला कैदेत टाकणे वैध नाही. आळ घेणारा आणि ज्याच्यावर आळ आहे तो, अशा दोघांना समोर आणावे. आळ घेणाऱ्याकडे पुरावा असेल तर निवाडा करावा, नसेल तर त्या माणसाला सोडावे. मारहाण करून घेतलेल्या कबुलीवर शिक्षा देऊ नये. इथे ते खलिफा उमर यांच्या नावे आलेले वचन देतात: माणसाला उपाशी ठेवले, घाबरवले किंवा कोंडून ठेवले, तर स्वतःविरुद्ध कबुली देण्याच्या बाबतीत त्याचा भरवसा धरता येत नाही.

उपाशी ठेवणे, घाबरवणे, कोंडणे. फौजदारी वकिली केलेल्या कोणालाही या तीन क्रियापदांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १८७२ च्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली सरसकट अग्राह्य ठरवली ती याच अनुभवापोटी. हारूनसारख्या सत्ताधीशाच्या पदरी असलेल्या न्यायाधीशाने त्याच सत्ताधीशाला हे लिहावे, यात न्यायाधीशाच्या बाण्याचाही धडा आहे. पुरावा कायद्याच्या पहिल्याच तासाला हा उतारा वाचायला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

कबुलीच्या बाबतीत फकीहांची सावधगिरी त्याही पुढे जाते. माइझ नावाचा माणूस व्यभिचाराची कबुली द्यायला आपण होऊन आला, तेव्हा पैगंबरांनी तोंड फिरवले. तो दुसऱ्या बाजूने आला, पुन्हा फिरवले. चार वेळा असे झाल्यावर, तुला वेड तर नाही ना, अशी विचारणा केली, तो प्यायलेला नाही ना याची खात्री करून घेतली, तू केवळ चुंबन घेतले असशील, असे म्हणून माघारीची वाट दाखवली. यावरून हनफींनी नियम काढला, की अशी कबुली चार वेळा आणि न्यायासनासमोरच झाली पाहिजे, आणि शिक्षेच्या मध्यावरही ती मागे घेता येते. आपला दंडाधिकारी कबुली नोंदवण्यापूर्वी आरोपीला ‘तुमच्यावर बंधन नाही, ही कबुली तुमच्याविरुद्ध वापरली जाईल’ असे बजावतो आणि विचाराला वेळ देतो. विद्यार्थी ही ताकीद पाठ करतात. तिच्या मागची भीती मात्र त्यांना माइझच्या गोष्टीतून अधिक लवकर कळेल. त्या गोष्टीचा शेवट दगडांनी ठार मारण्यात होतो, हेही वर्गात लपवू नये. शिक्षा क्रूर होती आणि ती सिद्ध करण्याची वाट जवळजवळ अशक्य करून ठेवली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मी गौरवगान करा असे सांगत नाही. या परंपरेच्या पळवाटाही तितक्याच बारकाईने शिकवल्या पाहिजेत. शंकेने हद्द टळे, पण ‘ताजीर’, म्हणजे काझीच्या किंवा राज्यकर्त्याच्या विवेकाधीन शिक्षा, टळतच असे असे नाही. कमी पुराव्यावर तो मार्ग उघडा राही. (आपल्या दंड संहितेला उर्दूत ‘ताजीरात-ए-हिंद’ म्हणत, ते याच शब्दावरून.) चौदाव्या शतकात इब्न तैमिय्या आणि इब्न अल-कय्यिम यांनी परिस्थितीजन्य पुराव्याला मान मिळवून दिला, ही मोलाची गोष्ट, परंतु त्याच विवेचनात त्यांनी आरोपींची सज्जन, अनोळखी आणि बदनाम अशी प्रतवारी केली आणि बदनाम माणसाला चौकशीत मारहाण करायला मोकळीक दिली. अबू यूसुफांनी लावलेले दार इथे पुन्हा उघडते. ‘हिस्ट्री-शीटर’ म्हणून कोणालाही उचलून आणणाऱ्या व्यवस्थेत राहणाऱ्या आपल्याला हे दार ओळखीचे वाटायला हवे.

त्याहून वेदनादायक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. कुरआनाच्या चोविसाव्या अध्यायात चार साक्षीदारांची अट आली ती स्त्रीवर चारित्र्याचा आळ घेणाऱ्याला रोखण्यासाठी. चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर ऐंशी फटके आळ घेणाऱ्याला. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशांनी हीच अट बलात्कारालाही लावली आणि ढालीचे हत्यार झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अंध तरुणीवरील बलात्काराची तक्रार झाली; पुराव्याअभावी पुरुष सुटला आणि तिचे गरोदरपण हीच तिची कबुली मानून सत्र न्यायालयाने तिलाच शिक्षा ठोठावली. हनफी मतानुसार केवळ गरोदरपण हा पुरावाच होत नाही. देशभर संताप उसळल्यावर फेडरल शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, आणि २००६ मध्ये बलात्काराचा गुन्हा त्या अध्यादेशातून काढून पुन्हा दंड संहितेत आणला गेला. ज्या परंपरेने शंकेचा फायदा आरोपीला दिला, त्याच परंपरेच्या नावाने पीडितेला आरोपी करता आले, हे विद्यार्थ्याने दोन्ही डोळ्यांनी पाहावे.

आता तथाकथित इंग्रजी देणगीकडे. तिची वंशावळही आपण शिकवतो तितकी सरळ नाही. सिद्ध करण्याचे ओझे सांगणाऱ्यावर, नाकारणाऱ्यावर नाही, हे रोमन कायद्यात होते. दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष मानावा, हे शब्द चौदाव्या शतकाच्या आरंभी एका फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ कार्डिनलने लिहिले. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने त्याला कलम ९ मध्ये स्थान दिले. इंग्लंडमध्ये मात्र १९३५ साली वूलमिंग्टन या तरुणाच्या खटल्यात न्यायाधीश ज्यूरीला सांगत होते, की गोळी अपघाताने सुटली हे आरोपीने पटवून द्यावे. त्याला फाशीची शिक्षा झाली होती. हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली तेव्हा कुठे तो प्रसिद्ध ‘सोनेरी धागा’, म्हणजे आरोपीचा दोष सिद्ध करणे हे सरकार पक्षाचेच काम, हा नियम स्पष्टपणे सांगितला गेला.

भारतात तर हा धागा आणखी विरळ होता. १७७२ मध्ये बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने दरोडेखोराला त्याच्याच गावात फाशी, गावाला दंड आणि त्याच्या कुटुंबाला सरकारचे गुलाम करण्याची तरतूद केली. बापाच्या गुन्ह्यासाठी लेकराला गुलाम करणे तेव्हा तिथल्या फौजदारी न्यायालयांत चालणाऱ्या मौलवींच्या इस्लामी कायद्यात बसत नव्हते, आणि तो कायदा फार सौम्य आहे हीच कंपनीच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. पुढे फिट्झजेम्स स्टीफन गव्हर्नर जनरलच्या परिषदेचे विधी सदस्य असताना एका वर्षाच्या अंतराने दोन कायदे झाले. १८७२ चा पुरावा कायदा, जो आपण डोक्यावर घेतो, आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ज्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची वाटही बंद केली. मुंबई इलाख्यात तो नंतर लागू झाला, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड, रोजच्या हजेरीत, हजारो पारधी, कैकाडी, भामटा माणसांनी पिढ्या काढल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण रात्री गावात चोरी झाली की पहाटे पारध्यांच्या पालावर जीप अजूनही जाते. निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा धडा महाराष्ट्रात शिकवताना या कुंपणाचा उल्लेख न करणे हा माझ्या मते अन्याय आहे.

आजच्या विशेष कायद्यांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तो भाग अभ्यासक्रमात आहेच. आपल्या राज्याच्या १९९९ च्या मोक्का कायद्याच्या कलम १८ ने पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ४३ड(५) ने आणि पैशांच्या अफरातफरीविरुद्धच्या कायद्याच्या कलम ४५ ने जामिनाची वाट इतकी अरुंद केली, की निर्दोष मानलेला माणूस निकालाची वाट पाहत वर्षानुवर्षे आतच असतो. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. त्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्वांना निर्दोष ठरवले. मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि त्यांसाठी छळ झाल्याचे दिसते, हे त्या निर्णयाच्या मुळाशी होते. तोवर एकोणीस वर्षे उलटली होती आणि त्यांच्यातला एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही, हेही स्पष्ट केले. विषय न्यायप्रविष्ट आहे आणि त्याच्या गुणदोषांवर मला काही म्हणायचे नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली त्यांनाही या निकालाने उत्तर मिळालेले नाही, आणि चुकीच्या माणसाची कबुली त्यांना न्याय कधी देऊ शकत नाही. उपाशी ठेवलेल्या, घाबरवलेल्या, कोंडलेल्या माणसाच्या कबुलीचा भरवसा किती, हा अबू यूसुफांचा प्रश्न मुंबईच्या न्यायालयात एकविसाव्या शतकातही जसाच्या तसा उभा राहिला, एवढेच मी दाखवू इच्छिते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ‘केला असेल’ आणि ‘केलाच आहे’ यांच्यातले अंतर फार मोठे असल्याचे सांगितले होते. त्या अंतरात काय काय घडू शकते, हे विद्यार्थ्यांना अनेक परंपरांच्या अनुभवातून कळावे, एवढाच माझा आग्रह आहे.

सरकारी विद्यापीठात धर्मशास्त्र कशाला, असा आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. रोमन सम्राटांची वचने आणि चर्चच्या कार्डिनलचे वाक्य आपण कायद्याचा इतिहास म्हणून शिकवतो. त्याच न्यायाने आणि त्याच अंतरावरून हेही शिकवता येईल. इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेचे कलम ३७ निर्दोषत्व हेच मूळ मानते आणि १९९० च्या कैरो जाहीरनाम्याचे कलम १९ आरोपीला दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष म्हणते. तिथल्या तुरुंगांची स्थिती या शब्दांशी जुळते का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. पण तो विचारण्यासाठी ते शब्द आधी माहीत हवेत. दुसरी अडचण शिक्षकांच्या तयारीची. ती खरी आहे, माझीही होती. अरबी न येणाऱ्या शिक्षकाला हे शिकवता येते, कारण ‘हिदाया’ या हनफी कायद्याच्या ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ पासून उपलब्ध आहे आणि मजल्लाही इंग्रजीत मिळते.

म्हणून माझी विनंती अशी, की पुरावा कायद्याच्या पेपरातील शाबितीच्या जबाबदारीच्या प्रकरणाला चार तासांची जोड द्यावी आणि त्यांत बराअतचे सूत्र, किताब अल-खराजमधील उतारा, ताजीर आणि हुदूद अध्यादेशांनी दाखवलेल्या पळवाटा आणि १८७१ चा कायदा यांचा समावेश व्हावा. आदर्श उत्तरातले ‘इंग्रजी कायद्याची देणगी’ हे वाक्य काढून टाकावे. उताऱ्याचा मराठी मजकूर मी दोन पानांत तयार केला आहे आणि अरबी जाणणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे. मंडळाच्या पुढील बैठकीत मला अर्धा तास मिळाल्यास तो घेऊन मी स्वतः उपस्थित राहीन.

कळावे,
आपली नम्र,
पुरावा कायद्याची एक अध्यापिका